मृत्युपत्र आणि विद्यापीठ

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात अहिल्यानगर येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आटोपला आहे, वधूवर-परिचयाचा कार्यक्रम व्हावयाचा आहे, आणि या दोन मंगल गोष्टींच्या मध्ये मृत्युपत्राविषयी बोलावयास मी उभा राहिलो आहे. हे औचित्यास धरून होईल किंवा कसे, अशी शंका आपल्या चिटणिसांनी मजजवळ बोलून दाखविली होती. तथापि माझे वय आणि माझा हट्ट या दोहोंचा मान राखून त्यांनी मला अर्धा तास दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय अमंगळ वाटला तर दोष त्यांचा नव्हे, माझा समजावा.

मी चाळीस वर्षे या शहरात दिवाणी वकिली केली. वाटपाचे, वहिवाटीचे, बांधाचे असंख्य दावे चालविले. त्या अनुभवावरून एक गोष्ट सांगतो. आपल्या समाजातील माणूस सातबाऱ्यावरील एक गुंठ्याच्या चुकीसाठी तलाठ्याकडे दहा वेळा खेटे घालील, परंतु आपल्यामागे आपल्या सर्वस्वाचे काय व्हावे हे दोन ओळींत लिहून ठेवावयास सांगितले की त्याला ते अभद्र वाटते. मृत्युपत्र केले म्हणजे यमदूताला आमंत्रण गेले, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. मी स्वतः जी मृत्युपत्रे लिहून दिली, त्यांतील पुष्कळसे लोक त्यानंतर वीस-वीस वर्षे जगले. त्यांपैकी दोघे येथे पुढच्या रांगेत बसले आहेत.

हा विषय मी आजच का काढला, त्याचे कारण एक जुनी रुखरुख आहे.

राहुरी तालुक्यात मुळेकाठी माझे एक पक्षकार होते. बागाईतदार, शिक्षण चौथीपर्यंत, परंतु दृष्टी फार जागृत. राहुरीच्या कृषि विद्यापीठात शिवारफेरी असली की हे गृहस्थ पहिले हजर असावयाचे. उसाचे बेणे, डाळिंबाची कलमे, पाण्याच्या पाळ्या, सर्व काही तेथील शास्त्रज्ञांना विचारून करीत. "माझी शेती त्या लोकांनी उभी केली," असे ते नेहमी म्हणत. २०११ च्या पावसाळ्यात ते शेवटच्या दुखण्यात असताना मी भेटावयास गेलो. खाटेभोवती तिघे मुलगे, एक लेक, जावई आणि शेजारचे दोघे होते. त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की, पाच लाख रुपये विद्यापीठाला द्या, त्याच्या व्याजातून दरवर्षी कोरडवाहू शेतकऱ्याच्या एका मुलाला शिकू द्या. सर्वांनी मान डोलाविली. माझ्या खिशात लेखणी होती, पिशवीत कोरे कागद होते, साक्षीला माणसे हजर होती. परंतु मरणाच्या खाटेपाशी कागद काढणे मला कसेसेच वाटले. उद्या सकाळी येतो, असे म्हणून मी परतलो. पहाटे निरोप आला.

मुलगे अप्रामाणिक नव्हते, हे मी आवर्जून सांगतो. वडिलांनी पाच लाख म्हटले की दोन, यावरून आधी मतभेद झाला. विहिरीचे कर्ज फिटल्यावर देऊ, असे थोरल्याचे मत पडले. धाकट्याने आपला वाटा आधी मागितला. पुढे घर विभागले आणि जी गोष्ट सर्वांची होती ती कोणाचीच राहिली नाही. एक पैही विद्यापीठाला गेली नाही. पाच मिनिटांचे काम होते आणि मी ते भिडेखातर केले नाही. तेव्हा आज आपण मला भिडस्तपणा सोडू द्यावा.

तोंडी सांगितलेले चालत नाही का, असे पुष्कळजण विचारतात. एके काळी चालत असे. आपल्या धर्मशास्त्रात मृत्युपत्र ही संस्थाच मुळात नव्हती. इंग्रजी अमलात ती रूढ झाली. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा बंगाल प्रांत आणि मुंबई-मद्रास ही शहरे यांपुरता होता. आपल्यासारख्या मुलुखात हिंदूचे तोंडी मृत्युपत्रदेखील न्यायालये मानीत. परंतु १ जानेवारी १९२७ पासून ती सवलत संपली. आज मृत्युपत्र लेखीच पाहिजे, त्यावर करणाऱ्याची सही वा अंगठा पाहिजे, आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून, किंवा ही माझीच सही असे त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमक्ष स्वतःच्या सह्या केल्या पाहिजेत. जवळजवळ शंभर वर्षे झाली, तरी खाटेवरचा शब्द म्हणजे कायदा हा आपला समज कायम आहे.

मृत्युपत्र ही संस्था नवी असली तरी तिच्यामागची भावना मात्र आपल्याला नवी नाही. यज्ञयागास आपल्या पूर्वजांनी इष्ट म्हटले, आणि विहिरी, तळी, धर्मशाळा, आमराया यांस पूर्त. आपल्या जिल्ह्यातील जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत या पूर्तधर्माचा जो विस्तार केला, तो मी आपणांस सांगावयास नको. आता जिल्ह्याचे नावच त्यांचे आहे. दान कोणत्या मर्यादेत करावे हेही याज्ञवल्क्याने सांगून ठेवले आहे: कुटुंबाची आबाळ होणार नाही इतकेच द्यावे. मी आज जे सुचविणार आहे ते या मर्यादेच्या आतले आहे. पत्नीची सोय, अपंग मुलाची सोय, विधवा सुनेची सोय ही आधी. १९५६ च्या कायद्याप्रमाणे आश्रितांचा पोटगीचा हक्क मृताच्या मिळकतीवर चालतोच. त्यास डावलून केलेले दान पुढे कोर्टात अडकते आणि नाव मात्र खराब होते.

आता विद्यापीठाचे उदाहरण. ते आपल्या महाराष्ट्रातील, आणि पुरते मृत्युपत्राचेच आहे. नागपूरजवळ कामठी येथे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण नावाचे एक मोठे व्यापारी आणि खाणमालक होते. १९३० साली ते निवर्तले. नागपूर विद्यापीठ तेव्हा अवघ्या सात वर्षांचे होते; १९२३ साली ते स्थापन झाले होते. अशा बाल्यावस्थेतील संस्थेला लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने सुमारे पस्तीस लाख रुपये ठेवले, आणि त्यातून उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र शिकवावे अशी इच्छा लिहिली. त्या काळचे पस्तीस लाख म्हणजे काय, याची कल्पना आपल्यातील वयस्कर मंडळींना येईल. वकील नव्हे, बॅरिस्टर नव्हे, रसायनाचा उद्योग शिकलेले तरुण या देशाला लागतील, हे एका खाणमालकाने १९३० साली ओळखले होते.

पैसा मिळाला म्हणजे संस्था दुसऱ्या दिवशी उभी राहत नाही. दात्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९४२ साली, लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. हा मधला काळ मी मुद्दाम सांगतो, कारण विद्यापीठाला दिले तर लगेच काय दिसणार, असे विचारणारे मला नेहमी भेटतात. लगेच काही दिसत नाही. देणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही, तो नसतोच. परंतु त्यानंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळ रासायनिक अभियांत्रिकी आणि तंत्रशास्त्र शिकून तेथून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडल्या. महाराष्ट्रातील व महाराष्ट्राबाहेरील तेलाच्या, रंगांच्या, औषधांच्या कारखान्यांतून 'एल. आय. टी.'ची माणसे ठिकठिकाणी आढळतात. २०२३ साली तर शासनाने कायदा करून त्या संस्थेलाच स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला. एका माणसाच्या मृत्युपत्रातील कलम शेवटी स्वतःच विद्यापीठ झाले. कामठीच्या त्या काळातील इतर किती श्रीमंतांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत? मला एकही ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण सर हरिसिंग गौर यांचे. नागपूर विद्यापीठाचे ते कुलगुरू होते, मोठे कायदेपंडित होते, आणि आपल्या जन्मगावी, सागर येथे, १९४६ साली त्यांनी स्वकष्टार्जित वीस लाख रुपये देऊन विद्यापीठ उभे केले. १९४९ साली ते वारले तेव्हा मृत्युपत्राने मिळकतीचा मोठा भागही त्यांनी त्याच विद्यापीठास दिला होता. हयातीत काही आणि मागे काही, ही रीत मला अधिक पसंत आहे. देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय होते ते डोळ्यांनी पाहता येते, आणि पसंत न पडल्यास मृत्युपत्र बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे शेवटच्या श्वासापर्यंत राहतो. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते, शेवटचे खरे, ही गोष्टही पुष्कळांना माहीत नसते.

कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांची हकिगत निराळी आणि थोडी दुःखद आहे. मुलाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून त्यांनी त्यास मृत्युपत्राने वगळले, आणि इस्टेट पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे जावी याची लांबलचक साखळी लिहून ठेवली. १८६८ साली ते वारले. प्रकरण विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८७२ साली त्या साखळीतील बरेच दुवे कायद्याने अमान्य ठरले; जन्मास न आलेल्या माणसाला हिंदू तेव्हा मृत्युपत्राने देणगी देऊ शकत नाही, हा प्रसिद्ध निर्णय त्याच खटल्यातील. मात्र कलकत्ता विद्यापीठात कायद्याच्या व्याख्यानांसाठी त्यांनी जी रक्कम ठेवली, तीतून सुरू झालेली टागोर व्याख्याने चालू राहिली, आणि त्यांतून तयार झालेले ग्रंथ वापरीतच माझ्यासारखे वकील शिकले. घराण्याचा बंदोबस्त ढासळला, विद्यापीठाचा उरला. मुलावरच्या रागाने विद्यापीठाला देऊ नये, हाही बोध मी त्यातून घेतो. रागाने केलेल्या मृत्युपत्रांची काय गत होते ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील शेअरबाजार बुडाला आणि प्रेमचंद शेठांचे वैभव त्यात गेले. विद्यापीठाकडे दिलेले चार लाख मात्र राहिले, आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीही महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली ती आई नाथीबाईंच्या नावाने. हे दोघेही हयातीतले दाते, म्हणून त्यांचा उल्लेख येथेच पुरा करतो. परंतु आपल्या घरांतून आईच्या नावाने देवळाच्या पायरीवर फरशी बसवितात, त्यांनी या दोन आयांची आठवण ठेवावी एवढेच सुचवितो.

येथवर आपणांस माझे म्हणणे रुचले असेल. आता न रुचणारा भाग.

ज्याला द्यावयाचे त्याने आपल्या ज्ञातिसंघाला द्यावे, आपल्या वसतिगृहाला द्यावे, विद्यापीठात आपल्या किती मुलांना त्याचा लाभ होणार, असे गेल्या वर्षी याच मंडपात एका ज्येष्ठ सभासदाने मला विचारले. प्रश्न खोटा नाही. आपले वसतिगृह नसते तर येथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक शिकले नसते, मीही नसतो. वसतिगृहाच्या देणग्या आटवून विद्यापीठाला द्या, असे मी म्हणतच नाही. परंतु वसतिगृहात आपण फक्त जेवलो आणि झोपलो. शिकलो कोठे? ज्या प्रयोगशाळांत, ज्या ग्रंथालयांत आपण बसलो, त्या उभ्या करताना आपल्या ज्ञातीने काय दिले होते, याचा हिशेब मी मांडू लागलो तर आकडा फारच लहान येतो. नाना शंकरशेटांचे नाव लाविलेली संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला त्या विषयात पहिला येणाऱ्यास मिळे; तीस ज्ञातीची अट नव्हती. शंकरशेट दैवज्ञ समाजातले, आणि १९१२ साली ती मिळाली महाडकडच्या एका कायस्थ प्रभू घराण्यातील मुलाला. तो मुलगा चिंतामणराव देशमुख. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले.

आपण आपल्या शहराकडे पाहावे. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते याच नगरात, सिंथिया फरार या अमेरिकन बाईंच्या शाळेत. त्या शाळेला लागलेला पैसा सातासमुद्रांपलीकडून आलेला होता आणि देणाऱ्यांना सावित्रीबाई कोण हे ठाऊकही नव्हते. आज आपल्या मुलांच्या पदवीपत्रावर त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाचा शिक्का असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहे काढली तीही सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारी, आणि त्यासाठी लक्ष्मीबाईंचे अंगावरचे सोने गेले.

त्यात कायद्याचीही एक बाजू आहे, ती पदाधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावी. विशिष्ट जातीच्या वा धर्मसमुदायाच्याच हितासाठी नव्याने निघणाऱ्या धर्मादाय संस्थेला उत्पन्नावरील करमाफी १९६१ च्या आयकर कायद्याने नाकारली. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांचा तेवढा अपवाद ठेवला. जुन्या संस्था त्यातून सुटल्या. म्हणजे 'फक्त आमच्या ज्ञातीतील विद्यार्थ्यास' असे लिहून नवा न्यास करावयाचा असेल तर आधी जाणकाराचा सल्ला घेतलेला बरा. माझी सूचना अशी की, अट घालावयाची तर ती गरजेची घालावी, गावाची घालावी, विषयाची घालावी. पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या कोरडवाहू गावांतील मुलगी, आई किंवा बाप मजुरीवर असलेली, अशी अट घातली तर तीत आपलीही मुले येतील आणि शेजाऱ्यांचीही.

अटींविषयी बोलतो आहे तर आणखी थोडे. फार बारीक अटी घालू नयेत. विद्यापीठांत जुने पारितोषिक-निधी असतात. पाच हजारांचा निधी साठ वर्षांपूर्वी मोठा होता. सहा टक्क्यांनी त्याचे व्याज वर्षाला तीनशे रुपये. त्यात आज पदक तर नाहीच, पदकाची पेटीही यावयाची नाही. म्हणून मृत्युपत्रात एक वाक्य अवश्य असावे: मूळ हेतू पार पाडणे अशक्य वा निरर्थक झाल्यास विद्यापीठाने त्याच्या जवळात जवळच्या हेतूसाठी निधी वापरावा, अगर तशाच दुसऱ्या निधीत मिळवावा. हे वाक्य नसले म्हणजे पुढे न्यायालयात जाऊन तशी परवानगी मागावी लागते, आणि त्यात निधीपेक्षा खर्च अधिक होतो.

नाव अचूक लिहावे. १९४९ साली सुरू झालेले पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. अहमदनगर जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला. राहुरीच्या विद्यापीठाचे पूर्ण नाव महात्मा फुले कृषि विद्यापीठ. जुने नाव लिहिले म्हणून देणगी बुडत नाही, हेतू स्पष्ट असला की कायदा नावाची चूक पोटात घालतो. परंतु भांडखोर वारसाला निमित्त कशाला द्यावे? विद्यापीठ निराळे आणि महाविद्यालय निराळे, हेही ध्यानी असावे. 'श्रीरामपूरच्या कॉलेजला' असे लिहिले तर ते कोणत्या शिक्षणसंस्थेचे, मालक कोण, हे ठरवावे लागते. बोरावके महाविद्यालयाला द्यावयाचे असेल तर ते रयत शिक्षण संस्थेचे आहे, तेव्हा त्या संस्थेचे नाव कलमात आले पाहिजे.

आपल्यातील बहुतेकांजवळ जे आहे ते शेती. येथे सावध राहावे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावे करण्यास १९४८ च्या कूळकायद्याची आडकाठी आहे, आणि ती मृत्युपत्रालाही लागू होते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरातच्या एका प्रकरणात दिला. गुजरातेतला तो कायदा मूळ मुंबई राज्याचाच, आपलाच. म्हणून 'माझी दोन एकर विद्यापीठाला' असे परस्पर लिहू नये. जमीन वारसांकडे जाऊ द्यावी. विद्यापीठाला रोख रक्कम, ठेवी, किंवा गावठाणातील घर विकून येणारा पैसा द्यावा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला आपला हिस्सा १९५६ पासून मृत्युपत्राने देता येतो, सगळी मिळकत नव्हे. आणि त्या हिश्श्याचा हिशेब करताना मुलीही समान वाटेकरी आहेत, आपल्या राज्यात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ पासून.

बँकेत नामनिर्देशन केले आहे, मग मृत्युपत्र कशाला, असेही विचारतात. नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारणारा. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्यांची नावे आहेत त्यांची. शेअर्सच्या बाबतीतही हेच खरे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

रक्कम ठराविक लिहावी की हिस्सा लिहावा? मी हिस्सा पसंत करतो. देणी, औषधपाणी, उत्तरकार्य आणि घरच्यांच्या रकमा भागवून जे उरेल त्याचा दहावा भाग, असे लिहिले म्हणजे पुढे परिस्थिती बिघडली तरी घरच्यांवर अन्याय होत नाही, आणि सुधारली तर विद्यापीठाचा वाटा आपोआप वाढतो. अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर नेमावा, आणि तो आपल्यापेक्षा वयाने लहान असावा. मित्रप्रेमाने समवयस्काला नेमतात आणि तो आधीच जातो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, परंतु मी करावयास सांगतो. बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. ज्याला लाभ व्हावयाचा त्याला साक्षीदार करू नये. एक साक्षीदार डॉक्टर असला तर शुद्धीबुद्धीचा वाद टळतो.

विद्यापीठे या कामी तत्पर असतात असे माझे प्रशस्तिपत्र नाही. कोणत्या ते सांगत नाही, परंतु एका विद्यापीठाच्या कार्यालयाने देणगीविषयी मी लिहिलेल्या साध्या पत्राला उत्तर देण्यास सात महिने घेतले, आणि उत्तरात माझे नाव चुकविले. पैसे घेण्याविषयीही इतका आळस असावा याची मौज वाटली. म्हणून हयातीतच एकदा जाऊन भेटावे, निधी कसा गुंतविणार, निवड कोण करणार, हे लेखी घ्यावे, आणि ते पत्र मृत्युपत्राबरोबर ठेवावे.

घरात मात्र आधी सांगितले पाहिजे. मृत्यूनंतर लिफाफा फुटतो आणि मुलांना प्रथमच कळते, हा प्रकार मला क्रूर वाटतो. त्यांना वाटते बापाचा आपल्यावर विश्वास नव्हता. मी माझ्या दोघा मुलांना आणि लेकीला दिवाळीत एकत्र बसवून सांगितले. थोरला काही बोलला नाही. धाकट्याने रक्कम विचारली. लेक म्हणाली, "अप्पा, त्या राहुरीच्या काकांचं राहिलं होतं, ते का?" मी होय म्हटले. मग थोरलाच म्हणाला की, दहावा हिस्सा कमी होतो, आठवा करा.

त्याप्रमाणे मसुदा केला आहे. घरच्यांच्या वाटण्या झाल्यावर उरणाऱ्या रकमेचा आठवा हिस्सा राहुरीच्या कृषि विद्यापीठास, कोरडवाहू गावातील गरजू विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीसाठी, ज्ञातीच्या अटीशिवाय. शिष्यवृत्तीला नाव माझे नाही, त्या बागाईतदारांचे आहे. त्यांच्या मुलांची संमती घेतली आहे, आणि धाकट्याने आपणही त्यात भर घालू असे कळविले आहे. वसतिगृहासाठी निराळे कलम आहे, तेव्हा आपल्या खजिनदारांनी काळजी करू नये.

सही अजून व्हावयाची आहे. आपले डॉक्टर येथे आले आहेत, ते एक साक्षीदार होण्यास तयार आहेत. दुसरा साक्षीदार मला या सभेतूनच पाहिजे, शक्यतो चाळिशीच्या आतला. वधूवर-परिचय संपेपर्यंत मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसतो. आपापली मृत्युपत्रे करावयाची असतील त्यांनीही तेथे यावे. कागद पुरेसे आणले आहेत आणि आज फी घेणार नाही.